आदर्श कुणाला बांधतो? आरंभीचं अमेरिकी परराष्ट्रधोरण आणि एक फसवी जोडी



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण आपण त्याच्याकडे तत्त्वज्ञानाच्या बाजूने जाणार आहोत. कारण या इतिहासाच्या मांडणीत दोन शब्द ठाण मांडून बसले आहेत आणि दोन्ही आमच्याच विषयातून तिकडे गेलेले आहेत: आयडियलिझम आणि रिअॅलिझम. तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्याला आपण चिद्वाद म्हणतो. जगाचं अंतिम स्वरूप चैतन्याचं आहे असं मानणारा पक्ष. परराष्ट्रधोरणाच्या चर्चेत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. राष्ट्राने तत्त्वाला धरून वागावं असं म्हणणारा तो आयडियलिस्ट, आणि राष्ट्राने आपलं हित व आपली ताकद पाहून वागावं असं म्हणणारा तो रिअॅलिस्ट. आपण ‘ध्येयवाद’ आणि ‘वास्तववाद’ असे शब्द वापरूया. घरच्या भाषेत सांगायचं तर एक ध्येयवेडा आणि दुसरा व्यवहारी.

अमेरिकेचा जुना इतिहास या दोन खणांत भरून ठेवायची सवय कुणी लावली? तिला फार वर्षं झालेली नाहीत. १९५१ साली दोन पुस्तकं आली. एक जॉर्ज केनन यांचं, अमेरिकी मुत्सद्देगिरीवरचं. शिकागो विद्यापीठात दिलेली व्याख्यानं त्यात आहेत आणि पहिलंच व्याख्यान १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धावर आहे. दुसरं हान्स मॉर्गेन्थाऊ यांचं, राष्ट्रीय हिताची बाजू मांडणारं. दोघांचा सूर एकच: आमचे पूर्वज शहाणे होते, ते हित ओळखून चालत, पुढे नीतीचा आणि कायद्याचा सोस वाढला आणि धोरण भरकटलं. मॉर्गेन्थाऊंनी तर तीन वर्ग पाडले. विचारही सत्तेचा आणि कृतीही सत्तेची, तो हॅमिल्टन. विचार तत्त्वाचा पण कृती सत्तेची, ते जेफरसन आणि जॉन क्विन्सी अॅडम्स. विचारही तत्त्वाचा आणि कृतीही तत्त्वाची, ते विल्सन. आणि त्या वाटेवरचा पहिला मोठा प्रवासी म्हणजे मॅकिनली.

ही मांडणी सुबक आहे. परीक्षेत लिहायला तर फारच सोयीची. आपला आक्षेप असा की ती माणसांच्या मनात डोकावून वर्गवारी करते, आणि त्यामुळे जे डोळ्यांसमोर आहे ते निसटतं. आपण एक वेगळा प्रश्न विचारून पाहूया. राष्ट्राने आदर्श उच्चारला, ठीक. पण त्या आदर्शाने बांधलं कुणाला? स्वतःला की दुसऱ्याला?

कृतज्ञता आणि तटस्थता

सुरुवात १७९३पासून करू. फ्रान्समध्ये क्रांती झालेली, राजाचा शिरच्छेद झालेला, आणि फ्रान्स व ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलेलं. अमेरिकेने १७७८ साली फ्रान्सशी मैत्रीचा तह केलेला होता. फ्रान्सच्या मदतीशिवाय अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकलं जाणं कठीण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग आता फ्रान्सच्या बाजूने उतरायचं का? अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २२ एप्रिल १७९३ रोजी तटस्थतेची घोषणा केली. हॅमिल्टन यांनी ‘पॅसिफिकस’ या टोपणनावाने तिचं समर्थन केलं, आणि मॅडिसन यांनी ‘हेल्विडियस’ या नावाने त्यांना उत्तर दिलं.

हॅमिल्टन यांचा एक युक्तिवाद आपल्याला महत्त्वाचा आहे. ते म्हणतात, कृतज्ञता हा माणसामाणसांतला सद्गुण आहे. राष्ट्राला त्या मापाने मोजता येत नाही. व्यक्ती स्वतःच्या जिवावर उदार होऊ शकते. सरकार मात्र लाखो लोकांच्या वतीने, पुढच्या पिढ्यांच्याही वतीने वागतं, त्याला असं उदार होण्याचा तेवढा अधिकार नाही. आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, हा सरळ वास्तववाद. पण जरा थांबा. हा युक्तिवाद स्वतःच नीतीचा आहे! विश्वस्ताने दुसऱ्याच्या पैशातून दानधर्म करू नये, असं आपण म्हणतो तेव्हा आपण व्यवहार सांगतो की नीती? दोन्ही. वॉशिंग्टन यांच्या १७९६च्या निरोपाच्या संदेशातही, ज्याच्या मसुद्यावर हॅमिल्टन यांचा हात फिरला होता, हेच दिसतं. कायमच्या मैत्रीत अडकू नका हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. सर्व राष्ट्रांशी सचोटीने आणि न्यायाने वागा, हा त्याच संदेशातला आग्रह मात्र कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही. वास्तववाद्यांनी अर्धा कागद वाचला, असं म्हणावं लागतं.

दुसऱ्या खणातले जेफरसन घ्या. १८०७ साली ब्रिटन आणि फ्रान्स दोघंही अमेरिकी जहाजं अडवत होते. जेफरसन यांनी युद्ध टाळलं आणि आपलाच परदेशी व्यापार बंद केला, दबाव आणण्यासाठी. शांततेच्या मार्गाने नमवण्याचा हा प्रयोग. न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली, तस्करी वाढली, आणि १८०९च्या मार्चमध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. ध्येयवाद्याचं हे नेहमीचं उदाहरण.

पण हेच जेफरसन १८०३ साली दीड कोटी डॉलर देऊन फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतात आणि देशाचा आकार जवळजवळ दुप्पट करतात. असा प्रदेश विकत घेण्याचा अधिकार राज्यघटना देते की नाही याबद्दल त्यांनाच शंका होती. ती त्यांनी बाजूला ठेवली. आणि नेपोलियन हा मुलूख विकायला तयार का झाला? मोठं कारण होतं सँ दोमँग, म्हणजे आजचं हैती. तिथल्या गुलामांनी बंड करून फ्रेंच फौजेला नामोहरम केलं, त्यामुळे अमेरिका खंडात साम्राज्य उभारायची नेपोलियनची योजनाच कोसळली. १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झालं. ‘सर्व माणसं समान’ हे वाक्य ज्यांच्या लेखणीतून उतरलं, त्या जेफरसन यांनी या नव्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली का? नाही. १८०६ साली त्याच्याशी व्यापारबंदी झाली, आणि अमेरिकेची मान्यता यायला १८६२ साल उजाडलं, लिंकन यांच्या काळात.

मॉर्गेन्थाऊ म्हणतील, बघा, विचार तत्त्वाचा आणि कृती सत्तेची. पण यात समजलं काय? तत्त्व कुठे लागू झालं आणि कुठे थांबलं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर या वर्गवारीत नाही. तत्त्व थांबलं ते गुलामांच्या मालकीच्या कुंपणाशी.

१८२१ आणि १८२३

आता आपण जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्याकडे येतो. या सगळ्या कथेत हा माणूस सगळ्यात गुंतागुंतीचा. ४ जुलै १८२१ रोजी परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी केलेलं भाषण आजही दोन्ही पक्ष आपलं म्हणून सांगतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जगात कुठेही स्वातंत्र्याची गुढी उभी राहिली तर आमच्या सदिच्छा तिच्यासोबत आहेत, पण आम्ही परक्या भूमीवर राक्षस मारत हिंडणार नाही. कारण एकदा का ती सवय लागली की आमच्या धोरणाचा गाभा स्वातंत्र्याकडून बळाकडे सरकेल. अमेरिका जगाची हुकूमशहा होईलही, पण स्वतःच्या मनावरचं राज्य गमावून बसेल.

हे वास्तववाद्याचं बोलणं की ध्येयवाद्याचं? केनन यांना हे भाषण अतिशय प्रिय होतं, म्हणून ते वास्तववादाच्या खात्यात जमा झालं. पण नीट पाहिलं तर अॅडम्स यांची भीती सामर्थ्य कमी पडण्याची नाही. तत्त्व बिघडेल ही त्यांची भीती आहे. इथं आदर्श लगाम म्हणून येतो. तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात घातलेला लगाम आहे.

दोनच वर्षांनी, १८२३ साली, हा लगाम किती घट्ट होता याची परीक्षा झाली. दक्षिण अमेरिकेतल्या स्पेनच्या वसाहती स्वतंत्र होत होत्या. युरोपातल्या राजसत्ता त्या परत जिंकून देतील अशी धास्ती होती. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी अमेरिकेला सुचवलं की आपण दोघांनी मिळून जाहीर करू: या वसाहती दुसऱ्या कुणी घेतलेल्या आम्हाला चालणार नाहीत, आणि आम्हीही त्यांतला कुठलाच भाग घेणार नाही. वृद्ध जेफरसन आणि मॅडिसन दोघांनी हे स्वीकारण्याचा सल्ला दिला. अॅडम्स यांनी विरोध केला. ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे बांधलेल्या होडीसारखं जायचं कशाला, हे त्यांचं कारण नेहमी सांगितलं जातं. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. ‘आम्हीही घेणार नाही’ या कलमावर सही केली तर उद्या क्युबा किंवा टेक्सास स्वतःहून आपल्याकडे येऊ लागले तर काय? हात कशाला बांधून घ्यायचे?

मग डिसेंबर १८२३मध्ये अध्यक्ष मन्रो यांनी काँग्रेसपुढे एकट्या अमेरिकेच्या वतीने घोषणा केली. युरोपने या खंडात नव्या वसाहती करू नयेत, हस्तक्षेप करू नये. त्या वेळी ती अंमलात आणण्याइतकं आरमार अमेरिकेकडे नव्हतं. प्रत्यक्षात पहारा ब्रिटिश आरमाराचा होता. पण आपल्याला तिच्यात काय वगळलं गेलं ते पाहायचं आहे. मन्रो घोषणेने युरोपला बांधलं. अमेरिकेला आपल्या अर्ध्या गोलार्धात तिने बांधलं नाही, आणि हे नजरचुकीने झालेलं नाही. १८२१चा लगाम १८२३मध्ये नेमका त्या ठिकाणी ढिला सोडला गेला जिथे पुढे विस्तार होणार होता.

खंडावरच्या विस्ताराबद्दल थोडक्यात बोलू, कारण आपला रोख समुद्रापलीकडे आहे. १८४६ ते १८४८चं मेक्सिकोशी युद्ध, ग्वादालुपे हिदाल्गोचा तह, आणि टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख अमेरिकेकडे. अॅडम्स तेव्हा म्हातारपणी प्रतिनिधिगृहात होते. युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या अवघ्या १४ जणांत ते एक. ज्यांनी १८१८ साली जॅक्सन यांच्या फ्लोरिडातल्या चढाईचं समर्थन केलं होतं तेच हे अॅडम्स! फरक काय पडला? नवा मुलूख म्हणजे गुलामगिरीचा नवा मुलूख, हे आता त्यांना स्पष्ट दिसत होतं. उलट, गुलामगिरीचे कट्टर समर्थक कॅलहून यांनीही १८४८च्या जानेवारीत सगळा मेक्सिको घ्यायला विरोध केला. त्यांचं कारण: तिथले लोक गोरे नाहीत, त्यांना आपल्यात कसं घ्यायचं? दोघांचं मत विस्ताराच्या विरोधात. एकाला ध्येयवादी आणि दुसऱ्याला वास्तववादी म्हणून आपल्या हाती काय येतं?

मुंबई आणि होनोलुलू

आता समुद्र ओलांडू. इथं आपल्या घराजवळची एक गोष्ट उपयोगी पडते. १८१० साली न्यू इंग्लंडमध्ये परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन झालं, अमेरिकन बोर्ड. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघं फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं. ते कसेबसे टिकले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८३१पासून अहमदनगर हे त्याचं ठाणं, आणि १८४२ साली तिथून निघालेलं ‘ज्ञानोदय’ आपल्या नियतकालिकांच्या इतिहासात आहेच. त्याच मंडळाची दुसरी तुकडी १८१९ साली बॉस्टनहून निघाली आणि १८२०मध्ये हवाई बेटांवर पोचली.

मंडळ एक, श्रद्धा एक, उद्देश एक. आपल्याकडे शाळा, छापखाना, वाद आणि काही धर्मांतरं. हवाईमध्येही शाळा, छापखाना, धर्मांतरं, पण पुढे? मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं तिथे जमिनी, वकिली, उसाचे मळे आणि सरकार यांत शिरली. १८७५च्या करारानंतर हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. १८९०च्या जकात कायद्याने, जो मॅकिनली यांच्याच नावाने ओळखला जातो, ती सवलत निरुपयोगी झाली. १७ जानेवारी १८९३ला राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली, आणि आदल्या दिवशी अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. उठाव करणाऱ्यांतले लॉरिन थर्स्टन हे पहिल्या मिशनरी तुकडीतल्या जोडप्याचे नातू. पुढे हवाई प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झालेले सॅनफर्ड डोल हे मिशनऱ्याचे चिरंजीव.

म्हणजे आदर्श तोच असताना अहमदनगरात एक घडतं आणि होनोलुलूत दुसरं. का? अहमदनगरात मिशनरी दुसऱ्याच्या राज्यात पाहुणे होते, त्यांच्या हाती राज्य नव्हतं. त्यांचा आदर्श परिस्थितीने बांधलेला होता. होनोलुलूत बांधणारं कुणी उरलं नाही. त्यामुळे श्रद्धा खरी होती की खोटी हा प्रश्न इथं आपल्याला पुढे नेत नाही. दोन्हीकडे ती बहुधा खरीच होती.

एक मात्र नोंदवायला हवं. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी विलीनीकरणाचा तह सिनेटमधून परत घेतला, मग चौकशी करवली, आणि तीत अमेरिकेच्या प्रतिनिधीचा हात दिसला. आदर्शाने स्वतःला बांधण्याचं हे जिवंत उदाहरण. १८९७ साली पुन्हा तह आला. तेव्हा २१ हजारांहून अधिक हवाईयनांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. मूळ रहिवासी आणि मिश्रवंशीय मिळून लोकसंख्याच चाळीस हजारांच्या आसपास होती! तहाला दोन तृतीयांश मतं मिळेनात. मग १८९८च्या जुलैमध्ये, युद्ध चालू असताना, साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने हवाई ताब्यात घेतलं गेलं. घटनेने घातलेला लगाम ज्या बाजूने सैल होता त्या बाजूने काढला.

१८९८: एका कलमाची किंमत

आता १८९८. क्युबात स्पेनविरुद्ध बंड चालू होतं, स्पेनच्या सैन्याने गावकऱ्यांना छावण्यांत कोंबलेलं, उपासमार, रोगराई. १५ फेब्रुवारीला हवानाच्या बंदरात ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेवर स्फोट होऊन अडीचशेहून जास्त माणसं मेली. एप्रिलमध्ये काँग्रेसने युद्धाचा ठराव केला, आणि त्याला सिनेटर टेलर यांची एक दुरुस्ती जोडली: क्युबावर सत्ता गाजवण्याचा आमचा हेतू नाही, शांतता झाली की बेट तिथल्या लोकांच्या हवाली करू.

टेलर कोलोरॅडोचे. क्युबाची साखर बिनजकात आत आली तर त्यांच्या राज्यात नव्याने येऊ घातलेल्या बीट-साखरेच्या धंद्याला धक्का बसेल, हा हिशोब या दुरुस्तीमागे होता असंही म्हटलं जातं. असू दे. कांट स्वतःच सांगतो की निव्वळ कर्तव्यबुद्धीने केलेलं एकही कृत्य आपल्याला खात्रीने दाखवता येत नाही. स्वतःच्या मनाचाही तळ लागत नाही, तिथे दुसऱ्याच्या मनाचं काय घेऊन बसलात! गंमत म्हणजे मॉर्गेन्थाऊ आपल्या दुसऱ्या, जास्त गाजलेल्या ग्रंथात हेच बजावतात की मुत्सद्द्यांच्या हेतूंचा शोध घेणं व्यर्थ आणि फसवं आहे. मग विचार कशाचा आणि कृती कशाची या पायावर उभी केलेली त्यांचीच वर्गवारी कशी टिकते? आपल्याला हेतूची गरज नाही. कलम होतं की नव्हतं, एवढं तपासता येतं.

कलम क्युबासाठी होतं. फिलिपिन्ससाठी नव्हतं, प्वेर्तो रिकोसाठी नव्हतं, ग्वामसाठी नव्हतं. परिणाम बघा. १० डिसेंबर १८९८च्या पॅरिसच्या तहाने स्पेनने क्युबावरचा हक्क सोडला, आणि बाकीची तिन्ही ठिकाणं अमेरिकेला मिळाली. फिलिपिन्सबद्दल दोन कोटी डॉलर स्पेनला दिले गेले. फिलिपिनो लोकांनी तर १२ जूनलाच आगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांना तहाच्या बोलण्यांत जागा नव्हती. ४ फेब्रुवारी १८९९ला मनिलाबाहेर गोळीबार सुरू झाला, आणि ६ फेब्रुवारीला सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. लागत होती ५६. एका मताचं अंतर! युद्ध अधिकृतपणे १९०२च्या ४ जुलैला संपलं. चार हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक, सुमारे वीस हजार फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, भूक व पटकी यांनी दगावलेले नागरिक दोन लाखांपर्यंत, असा अंदाज दिला जातो.

या निर्णयाचं समर्थन कसं झालं? मॅकिनली यांनी रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली आणि त्यांना कौल मिळाला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती छापली गेली १९०३ साली, मॅकिनली यांच्या मृत्यूनंतर, म्हणून इतिहासकार तिच्यावर फार भार टाकत नाहीत. शिवाय फिलिपिन्समधले बहुसंख्य लोक तीनशे वर्षांपासून ख्रिस्तीच होते. पण कथेची गरजच नाही. २१ डिसेंबर १८९८चा मॅकिनली यांचा अधिकृत जाहीरनामा उपलब्ध आहे. त्यात अमेरिकेचं कार्य ‘परोपकारी सामिलीकरण’ असं वर्णिलेलं आहे. आदर्श इथंही आहे, भरपूर आहे. फक्त त्याची दिशा उलटली आहे. अॅडम्स यांचा आदर्श बोलणाऱ्याला सांगत होता, ‘तू हे करू नकोस.’ हा आदर्श बोलणाऱ्याला सांगतो, ‘तुला हे करायला परवानगी आहे, आणि समोरच्याने विरोध करू नये.’ पहिला लगाम, दुसरा परवाना.

वादाच्या दोन्ही बाजूंना कोण होतं तेही बघा, म्हणजे जुनी जोडी किती निकामी आहे ते कळेल. ताब्याच्या बाजूने सिनेटर बेव्हरिज. जानेवारी १९००च्या भाषणात ते फिलिपिन्सची जमीन, खनिजं, चीनची बाजारपेठ यांचा हिशोब मांडतात आणि त्याच दमात देवाने आमच्या वंशावर सोपवलेली कामगिरीही सांगतात. बाजार आणि देव एकाच ताटात. ताब्याच्या विरोधात साम्राज्यविरोधी संघ: मार्क ट्वेन, विल्यम जेम्स, कार्नेगी, कामगार पुढारी गॉम्पर्स. विरोधकांतच येल विद्यापीठाचे सम्नर. ‘जो समर्थ तो टिकेल’ म्हणणारा, भावनेला थारा न देणारा कठोर माणूस. त्यांनी १८९९ साली व्याख्यान दिलं, त्याचा मथळा असा की स्पेननेच अमेरिकेला जिंकलं. रणांगणात आपण स्पेनला हरवलं, पण साम्राज्याची स्पेनची कल्पना आपल्यावर स्वार झाली. आणि विरोधकांतच दक्षिणेतले सिनेटर टिलमन, ज्यांना आणखी काळे-सावळे लोक देशात नको होते. किपलिंग हे तर आपल्या मुंबईत जन्मलेले. गोऱ्या माणसाच्या ओझ्याची त्यांची प्रसिद्ध कविता फेब्रुवारी १८९९मध्ये अमेरिका आणि फिलिपिन्स यांना उद्देशूनच आली. टिलमन यांनी ती सिनेटमध्ये ताब्याच्या विरोधात वाचून दाखवली! एकच कविता, दोन्ही बाजूंना उपयोगी.

घरातलं परकं

मग राज्यघटनेने या नव्या मुलखांचं काय केलं? १९०१ साली सर्वोच्च न्यायालयात डाउन्स विरुद्ध बिडवेल हा खटला आला. विषय काय, तर प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेली संत्री! त्यांच्यावर जकात लागावी का? प्वेर्तो रिको अमेरिकेचा भाग असेल तर लागू नये. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात वैध ठरवली. न्यायमूर्ती व्हाइट यांनी दिलेलं कारण तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावं असं आहे: हे बेट आंतरराष्ट्रीय अर्थाने परकं नाही, पण देशांतर्गत अर्थाने परकं आहे. म्हणजे जगाला सांगताना आमचं, आणि हक्क देताना परकं. न्यायालयाचा निर्णय जाहीर करणारे न्यायमूर्ती ब्राउन यांनीच १८९६ साली ‘वेगळे पण समान’ या नावाखाली रेल्वेच्या डब्यात काळ्यांना वेगळं बसवणं वैध ठरवलं होतं. आणि दोन्ही वेळा विरोधी निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती हार्लन होते. समुद्रापलीकडचं धोरण घरातल्या धोरणापासून तोडून वाचलं तर हा धागा दिसतच नाही. केनन यांच्या पुस्तकात तो दिसत नाही, ही आमची मोठी तक्रार. नीतीचा अतिरेक झाला म्हणून १८९८ घडलं असं ते सुचवतात. नीती तर अर्ध्यावर थांबवली गेली होती.

आता एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वास्तववादी म्हणेल: अॅडम्स यांचा संयम हा दुर्बळाचा संयम होता. १८२१ साली अमेरिकेकडे आरमार नव्हतं, म्हणून राक्षस मारायला गेली नाही. १८९८ साली आरमार होतं, म्हणून गेली. आदर्श हा ताकदीच्या मागून येणारा चोपदार.

यात तथ्य आहे. पण सगळं तथ्य यात नाही. १८९८ साली क्युबा घ्यायची ताकद अमेरिकेकडे पुरेपूर होती. तिचं सैन्य बेटावर होतं. तरी क्युबा विलीन झालं नाही, कारण एक लिहिलेलं वचन आड आलं. ताकदवानाने स्वतःचे हात बांधून घेतले होते. हेही खरं की बांधलेले हात सोडवायचा उद्योग लगेच सुरू झाला: १९०१च्या प्लॅट दुरुस्तीने क्युबाच्या कारभारात हस्तक्षेपाचा हक्क मिळवला गेला, १९०३ला ग्वांतानामोचा तळ भाड्याने घेतला गेला, आणि ती दुरुस्ती १९३४पर्यंत राहिली. वचन अपुरं पडलं. पण क्युबाच्या लोकांकडे बोट दाखवायला एक कागद होता. फिलिपिनोंकडे तोही नव्हता. त्यांना स्वातंत्र्यासाठी १९४६च्या ४ जुलैपर्यंत थांबावं लागलं. अर्धवट लगाम आणि लगामच नसणं, यांत निदान एका मोठ्या युद्धाचा फरक आहे.

आदर्श कुणाच्या मालकीचा?

शेवटचा मुद्दा. ध्येयवाद-वास्तववादाचा हा सगळा वाद नेहमी वॉशिंग्टनच्या खिडकीतून मांडला जातो. अध्यक्षांना काय वाटलं, सिनेटला काय वाटलं. आदर्श जणू उच्चारणाऱ्याचीच मिळकत. पण उच्चारलेला शब्द मालकाकडे राहत नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केलं. त्या वेळी अमेरिकेत दक्षिणेत काय चाललं होतं, मुक्त झालेल्यांचे हक्क पुन्हा कसे आवळले जात होते, हे सांगून ती अर्पणपत्रिका भाबडी ठरवता येईल. आमच्या मते ती भाबडी नाही. फुल्यांनी अमेरिकेचा आदर्श तिच्या वतीने उचलला आणि आपल्या समाजाला त्याने बांधायला घेतलं. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीचा जाब विचारण्यासाठी. आदर्श समुद्रापार गेला तो असाही, युद्धनौकेशिवाय.

फिलिपिन्समध्ये जानेवारी १८९९ला मालोलोसचं प्रजासत्ताक उभं राहिलं, त्याला स्वतःची राज्यघटना होती. त्याचे विचारवंत आपोलिनारियो माबिनी, पायांनी अधू झालेला माणूस. अमेरिकेने त्यांना १९०१ साली ग्वामला हद्दपार केलं. शासितांच्या संमतीवाचून सत्ता न्याय्य नाही, हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं तत्त्व त्या क्षणी खरं कुणाकडे होतं? ग्वामच्या कैद्याकडे.

म्हणून मंडळी, कुठल्याही राष्ट्राचं धोरण वाचताना, ते राष्ट्र आपलं असो की परकं, हा नेता स्वप्नाळू की व्यवहारी असं विचारून वेळ घालवू नये. त्याने उच्चारलेलं तत्त्व शोधावं, आणि मग त्या तत्त्वात ‘आम्हीही’ हा शब्द आहे की नाही ते पाहावं. कॅनिंग यांच्या मसुद्यात तो होता, मन्रो यांच्या घोषणेतून तो गळाला. टेलर यांच्या दुरुस्तीत तो क्युबापुरता आला, पॅरिसच्या तहात तो कुठेच नाही. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर किती माणसांचं आयुष्य लोंबकळतं, हे आज आपण पाहिलं.

इथं थांबूया.